मी आला, मी गेला

बेल वाजली की ती दाराशी जायची आणि विचारायची, "कोण?"

दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा होता. पलीकडे नवरा उभा असायचा, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात पाव, चष्मा नाकाच्या टोकावर. तो तिला दिसायचा, ती त्याला दिसायची. तरी ती विचारायची.

"मी," तो म्हणायचा.

"मी म्हणजे?"

"तुझा नवरा."

"कशाला आलात?"

"राहतो इथे."

मग कडी निघायची. तो चपला काढून आत येईपर्यंत तिसरा प्रश्न तयार असायचा, "एवढा वेळ कुठे होतात?"

नवऱ्याचं गल्लीच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दुकान कसलं, खुर्ची आणि माणूस मावेल एवढा खोका. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरून त्याच्या अंगी सबुरी आली होती. तो तिन्ही उत्तरं द्यायचा. काल दिलेली आज चालायची नाहीत, आजची उद्या चालणार नव्हती. "आमच्याकडे ओळख शिळी होते," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "रोज ताजी लागते."

ती एका मोठ्या हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायची. तिथे तिला कोणताई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे कोणताई, आणि काही वर्षांनी तोंडावरही कोणताई. तिने कधी हरकत घेतली नाही. हाक कोणी मारली एवढं मात्र वळून बघायची.

ही सवय कुठून लागली ते ती सहसा सांगत नसे. लहानपणी एका दुपारी घरी एकटी असताना दार वाजलं होतं. तिने विचारलं, "कोण?" बाहेरून उत्तर आलं, "मी." आवाज जाड होता, वडिलांसारखा. तिने दार उघडलं. दारात अनोळखी माणूस. तो हसला, वडिलांनीच पाठवलंय म्हणाला, रेडिओ दुरुस्तीला न्यायचाय. तिने स्टूल ओढून फडताळावरचा रेडिओ स्वतःच्या हाताने काढून दिला, वर वायर नीट गुंडाळून दिली. रेडिओ गेला तो गेलाच. संध्याकाळी वडील आले, रागावले नाहीत. "विचारायचं ना बाळा, कोण म्हणून," एवढंच म्हणाले. पण तिने विचारलं होतं. तिने विचारलं होतं आणि त्याने उत्तरही दिलं होतं, आणि ते उत्तर खोटं नव्हतं. प्रत्येक माणूस 'मी'च असतो. तिने त्या दिवसापासून त्या शब्दाशी उभा दावा मांडला.

आणि गंमत अशी, की पुढे सबंध हॉस्पिटलच्या किल्ल्या त्याच शब्दाच्या हाती गेल्या.

हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईखान्याच्या शेजारी, नेटवर्कची खोली होती. धुलाईखान्यात सदा वाफ आणि या खोलीत सदा गारठा. मधल्या भिंतीला हात लावला तर एका बाजूने ती कोमट लागायची. खोलीत माणसाएवढे लोखंडी रॅक, त्यांत खालपासून वरपर्यंत स्विच, आणि प्रत्येक स्विचमधून बाहेर पडलेल्या निळ्या केबली. वरच्या मजल्यांवरचं प्रत्येक यंत्र, प्रत्येक टेबल, प्रत्येक लॅब शेवटी इथे खाली येऊन मिळायची. कोणी कोणाशी बोलायचं हे स्विच ठरवत, आणि स्विचना काय ठरवायचं ते आत शिरून सांगावं लागे. आत शिरायला नाव आणि पासवर्ड.

खोली नवी होती तेव्हाची गोष्ट. तेव्हाचे थोरले इंजिनिअर, जे पुढे निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेले, पहिला स्विच मांडीवर घेऊन बसले होते. यंत्राने नाव मागितलं. "काय ठेवू गं?" त्यांनी विचारलं. ती उत्तर देणार तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कोण?" तिने विचारलं.

"मी," बाहेरून आवाज आला.

बाहेर मामा होते, केबलवाले, खांद्यावर शिडी. नात्याने ते कोणाचेच मामा नव्हते. कोणीही काहीही काम गळ्यात मारावं आणि त्यांनी ते करावं, म्हणून सगळ्यांनी मिळून त्यांना मामा बनवलं होतं, आणि ते नावच होऊन बसलं. थोरल्यांनी हसत हसत स्विचवर रोमन लिपीतली ती दोन अक्षरं टाकून दिली. मी. नाव झालं. पहिल्या स्विचवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उतरत ते साऱ्या इमारतीत पसरलं. ज्याला आत शिरायचं तो 'मी' होऊन शिरायचा.

भाषाही मग त्या नावाच्या कलाने वाकली. "मी लॉक झालाय." "मीचा पासवर्ड सांगा." "सकाळी मी आत आला होता, काहीतरी करून गेला." नवा माणूस ऐकून गोंधळायचा आणि बाकीचे हसायचे. तीही हसायची. पण तिच्या मनात कुठेतरी तो रेडिओ होता, वायर नीट गुंडाळलेला.

मग एके दिवशी, तिची सुट्टी असताना, लॅब गप्प झाली.

रक्त तपासणारी यंत्रं चालू होती, आकडे काढत होती, पण ते आकडे वरच्या वॉर्डांत पोचेनात. शिपायांनी कागद घेऊन जिने चढउतार करून दुपार निभावली. कोणाला इजा झाली नाही, ओरडा मात्र सगळ्यांना बसला. कारण सापडलं ते साधं होतं. हॉस्पिटलच्या नेटवर्कचे आत वेगवेगळे कप्पे केलेले असतात, प्रत्येकाला एक नंबर. लॅबचा नंबर चाळीस. मुख्य स्विचवरून तो चाळीस नंबर कोणीतरी पुसून टाकला होता. गडबडीत मामांनी स्विच बंद-चालू केला, त्यात त्याच्या आठवणीत जे काही होतं तेही गेलं. उरली एक ओळ: शेवटचा बदल करणारा, मी.

"मी म्हणजे कोण?" विभागाच्या साहेबांनी विचारलं.

प्रश्न ओळखीचा होता. फक्त या वेळी तो तिला विचारला जात होता.

'मी'चा पासवर्ड तिघांना ठाऊक होता. साहेब त्या दिवशी सकाळपासून मोठ्या बैठकीत होते, दहा माणसांच्या डोळ्यांसमोर. ती घरी. उरले मामा. आणि मामा कंत्राटावरचे होते. इतकी वर्षं राबूनही कायम झाले नव्हते, आणि याही वर्षी त्यांचा अर्ज परत आला होता. त्याच आठवड्यात डबा खाताना ते म्हणाले होते, "एकदा सगळं बंद पडलं पाहिजे. मग कळेल आपण काय करतो ते."

तेव्हा ती हसली होती. आता तेच वाक्य तिच्या कानात वळवळायला लागलं.

साहेबांनी ठरवून टाकलं. "खाई त्याला खवखवे. बघितलंत, मान वर करून बोलत नाही." त्यांनी वरच्या कार्यालयासाठी मजकूर तयार केला: जाणूनबुजून केलेली नासधूस. कंत्राटाची मुदत तीन-चार महिन्यांत संपणार होती, तीच शेवटची. असा शेरा बसला की मामांना पुन्हा कुठल्याही हॉस्पिटलात, कुठल्याही तळघरात शिडी लावू दिली नसती. खाली सहीला दोन जागा होत्या. एक साहेबांची, एक तिची.

"करते," ती म्हणाली. "पण आत्ता नाही."

"का? तुम्हाला शंका आहे?"

"मला शंका नाही असं काय आहे साहेब?"

तिला मामांचा संशय होता, हे खरं. तो तिने स्वतःपासूनही लपवला नाही. रॅकच्या किल्ल्या पूर्वी उघड्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असायच्या. आता ड्रॉवरला कुलूप आलं. मामा खोलीत आले की तिची नजर त्यांच्या हातांवर जायची. ते पूर्वीसारखंच म्हणायचे, "मी," आणि ती पूर्वी कधी विचारलं नव्हतं तसं विचारायची, "कशाला आलात?" पण तिचा संशय तिच्या संशयावरही होता. कोणीही सांगितलं म्हणून दार उघडायचं नाही, मग ते सांगणारं आपलं स्वतःचं मन का असेना.

वरून दुसरा हुकूमही आला होता. सगळ्यांचं मिळून एक नाव हा प्रकार बंद करा. प्रत्येकाला स्वतःचं नाव द्या, आणि ती नावं तपासायला मध्यभागी एकच यंत्र ठेवा, ज्याला सगळे स्विच विचारतील: हा आलाय, याला आत घेऊ का? अशा विचारणीच्या रीती एकाहून जास्त असतात. त्या ताडून बघा आणि एक सुचवा. काम अर्थातच तिच्याकडे आलं.

साहेबांना त्यांतलं रेडियस हवं होतं. हॉस्पिटलच्या वायफायसाठी ते आधीपासून होतंच. "एकच किल्ली, सगळी कुलपं," ते म्हणाले.

"चोरालाही तेच सोपं पडतं," ती म्हणाली.

घरी, जेवण झाल्यावर, नवरा भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडायचा आणि ती समोर बसून मोठ्याने विचार करायची. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे, म्हणूनच त्याला सांगताना तिला कळायचं.

"रेडियस म्हणजे वसतिगृहाचा चौकीदार," ती म्हणाली. "फाटकावर एकदा विचारतो, तू कोण. पटलं की तिथेच ठरवतो, तुला कुठपर्यंत मोकळीक. मग आत सोडतो. पुढे तू खोलीत झोपतोस की खिडक्या फोडतोस, तो बघायला येत नाही. आला कधी, गेला कधी, एवढं लिहितो."

"गरीब आहे बिचारा."

"आणि विचारणी अशी की चिठ्ठी फेकायची. उत्तर नाही आलं तर पुन्हा फेकायची. चिठ्ठीत पासवर्ड तेवढा झाकलेला, बाकी कोण, कुठून, सगळं उघडं. पोस्टकार्डच."

"आणि दुसरी?"

"टॅकॅक्स. तो फोन लावून धरूनच ठेवतो आणि बोलणं सगळंच्या सगळं झाकतो. कोण ते वेगळं विचारतो, काय करायची परवानगी आहे ते वेगळं. आत घेतल्यावरही सोडत नाही. प्रत्येक हुकुमाला अडवतो: हे करायचंय? थांब, विचारून येतो. आणि काय काय केलंस, ओळ न् ओळ लिहून ठेवतो."

नवऱ्याने भिंगातला डोळा वर केला. "म्हणजे तू."

"मी एवढं विचारते?"

"काल मी न्हाणीघरातून बाहेर आलो तेव्हा तू विचारलंस, आत काय करत होतात."

ती हसली नाही, पण तिचे खांदे जरा खाली आले. मग तिने त्याला तिसऱ्या रीतीबद्दल सांगितलं, कर्बेरॉस. सकाळी एकदाच खिडकीशी तोंड दाखवायचं, तिकीट घ्यायचं, मग दिवसभर दारोदार ते तिकीट दाखवत फिरायचं. पासवर्ड कुठेच पाठवायला लागत नाही. टेबलांवरच्या संगणकांना ते उत्तम. पण तिकिटावर वेळ असते, त्यामुळे सगळ्यांची घड्याळं जुळलेली लागतात. एखाद्याचं घड्याळ जास्त मागे पडलं तर खराखुरा माणूसही खोटा ठरतो.

"मग आपल्या गल्लीत एकही खरा माणूस नाही," नवरा म्हणाला, आणि काटा हलकेच पुढे सरकवला.

तिने ठरवलं, पहिल्या दोन्ही रीती प्रत्यक्ष लावून बघायच्या. इमारतीच्या पूर्वेकडच्या स्विचना रेडियस, पश्चिमेकडच्यांना टॅकॅक्स. मुख्य स्विच टॅकॅक्सकडे. तिघांना तीन नावं मिळाली. जुना 'मी' काढून टाकायला ती निघाली होती, पण साहेब म्हणाले, राहू दे, अडीअडचणीला हाताशी असावा. तिने ठेवला, जुन्या पासवर्डासकट. रेडियसकडे त्याचा जुना दर्जा तसाच ठेवला, नाहीतर तुलना खरी झाली नसती. टॅकॅक्सकडे मात्र त्याला फक्त बघायची मुभा ठेवली, बदलायची नाही. कोणाला सांगितलं नाही. सापळा म्हणा. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ती तर पाणीही फुंकून प्यायची.

आणि ती वाट बघायला लागली. मामा 'मी' होऊन येतील अशी. वाट बघताना तिला जेवण गोड लागेना. मामा समोर बसून डबा उघडायचे, अर्धं तिच्या ताटलीत सरकवायचे, आणि ती वर न बघता म्हणायची, "नको, आज भूक नाही." तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मामांनी डबा पुढे सरकवणं बंद केलं. मामा बोलायचे नाहीत, हीच त्यांची खोड.

मुदत संपायला आली तशी साहेबांनी एका दुपारी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. खोली छोटी, खिडकीबाहेर रुग्णवाहिका उभ्या राहायची जागा. मामा खुर्चीच्या कडेला बसले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर पालथे. ती लॅपटॉप घेऊन आली होती. मध्यावरच्या यंत्राच्या नोंदी त्यावर सरकत होत्या, एका बाजूला रेडियस, दुसऱ्या बाजूला टॅकॅक्स. तुलना दाखवायची म्हणून आणला असं तिने सांगितलं. खरं तर तिला तो खाली खोलीत एकटा सोडवत नव्हता.

"हे बघा मामा," साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतःहून सोडून गेलात असं लिहून देतो. शेरा मारत नाही. एवढं मी करू शकतो."

"मी काही केलं नाही साहेब."

"नाव तर तुमचंच आहे."

"ते नाव सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांपैकी त्या दिवशी तिथे कोण होतं?"

 मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती पडद्याकडे पाहत होती, आणि तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली.

"मी आला," ती म्हणाली.

"काय?" साहेब म्हणाले.

"मी आलाय. आत्ता. पूर्वेकडे."

"तुम्ही तर इथे बसलाय."

"मी नाही. मी."

 पासवर्ड माहीत असलेली तिन्ही माणसं त्या खोलीत होती, तिघांचे हात तिघांना दिसत होते. आणि तळघरात 'मी' एका दारातून दुसऱ्या दारात जात होता. रेडियसच्या बाजूला ओळी पडत होत्या: मी आला, मी गेला. पुढचा स्विच: मी आला, मी गेला. काय केलं, कोणाला ठाऊक. मग तो पश्चिमेला वळला, आणि टॅकॅक्सच्या बाजूला पहिल्यांदाच कोणीतरी त्याला अडवून विचारलं. मी आला. चाळीस पुसून टाक: परवानगी नाही. बदल जतन कर: परवानगी नाही. मी गेला.

बाहेर एक रुग्णवाहिका मागे मागे येत होती, तिचा आवाज खोलीभर झाला आणि थांबला.

"कोण?" ती हळूच म्हणाली. पडद्याला विचारल्यासारखी.

कुठल्या सॉकेटमधून विचारणी आली तेही नोंदीत होतं. तिने नंबर वाचला. मामांनी मान तिरकी केली. "हा तर जिन्याखालचा," ते म्हणाले. "ती वायर मीच ओढलीय."

तिघंही उठले. पुढे मामा, मागे ती, तिच्या मागे साहेब, ज्यांना जिन्याखाली खोली आहे हेच ठाऊक नव्हतं. आत मोडक्या चाकांच्या खुर्च्या, सलाईनचे वाकलेले खांब, जुन्या गाद्या. मामांनी एकेक वस्तू बाजूला काढली. सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, एक संगणक होता. पडदा नाही, कळफलक नाही, नुसतं खोकं. त्यावर धुळीचा थर, आणि थराखाली आतून येणारी बारीक घरघर. पुढच्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला कागद पिवळा पडला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: बंद करू नये.

कोणी बंद केलं नव्हतं. साफसफाईवाले बदलले, साहेब बदलले, थोरले निवृत्त झाले. जो तिथे आला त्याने तो कागद वाचला आणि कोणाचा तरी असेल म्हणून खोकं तसंच मागे सरकवलं.

'करू'मधल्या ऊकाराचं शेपूट लांब खाली ओढलेलं होतं. तसा ऊकार त्या इमारतीत एकच माणूस काढायचं.

"कोणी लावलंय हे?" साहेबांनी विचारलं.

ती खोक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी."

 पुढचं विचारलं ते मामांनी, अगदी हळू, गाद्यांकडे बघत.

"मी म्हणजे?"

आयुष्यभर तिने हा प्रश्न दुसऱ्यांना केला होता. तिला पहिल्यांदा कळलं की तो ऐकताना कानामागे गरम होतं.

"मी म्हणजे मी," ती म्हणाली. "चाळीस नंबर तेव्हा चाचणीचा होता. काहीबाही करून बघायला वापरायचो, आणि पुसायला विसरायचो. मग मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. दर तीन महिन्यांनी सगळ्या स्विचवर जायचं, चाळीस असेल तर पुसायचं, परत यायचं. नाव आणि पासवर्ड त्याच्यातच घातले. लिहिलं आणि विसरले. मधल्या काळात चाळीस रिकामाच असायचा, म्हणून तो पुसायचा ते कोणाला कळलंच नाही. त्या गोंधळाच्या थोडं आधी लॅबला नवा नंबर हवा होता. चाळीस रिकामा आहे म्हणून तो मीच दिला."

मामांनी खाली वाकून भिंतीतली पिन काढली. घरघर थांबली. इतकी वर्षं ती तिथे होती हे थांबल्यावरच ऐकू आलं.

साहेबांनी मजकूर फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात तिचं नाव होतं, आणि ते तिने स्वतःच तपासून, एक चूक दुरुस्त करून दिलं. तिला लेखी ताकीद मिळाली. पुढे बढतीच्या वेळी ती आडवी आली. तुलनेच्या टिपणात तिने सुचवलं ते असं, की वायफायला आणि लोकांच्या संगणकांना रेडियस राहू द्यावं, तिथे ते हलकं आणि पुरेसं आहे; स्विचना मात्र टॅकॅक्स, कारण नुसतं कोण आलं हे कळून भागत नाही. 'मी' हे नाव सगळीकडून काढलं. काढताना प्रत्येक स्विचने तिलाच विचारलं, खात्री आहे का? या एका प्रश्नाला तिने जरा थांबून उत्तर दिलं.

"काखेत कळसा," नवरा म्हणाला, ती सगळं सांगून झाल्यावर. मग तिचा चेहरा बघून त्याने भिंग काढून ठेवलं आणि तो दिवा मालवून तिच्याशेजारी बसून राहिला.

मामांचं कंत्राट वाढलं. पण आता ते डबा वेगळ्या टेबलावर खायचे. एकदा रॅकमागे दोघंच असताना ती म्हणाली, "मामा, त्या वेळचं..."

"साहेबांनी संशय घेतला त्याचं काही नाही," मामा म्हणाले. ते केबलचं टोक सोलत होते, वर बघितलं नाही. "त्यांना आपण कोण ते कुठे माहीत आहे. तुम्ही ड्रॉवरला कुलूप लावलंत ताई."

"लावलं."

"अजून आहे?"

"आहे."

"बरं आहे. असू द्या. किल्ल्या उघड्यावर नसाव्यात."

त्यानंतर दारावर थाप पडली आणि तिने विचारलं, "कोण?" की ते 'मी' म्हणत नसत. "मामा. चौथ्या मजल्याची केबल तपासायला. काम झालं की सांगून जातो." पूर्ण उत्तर, तिन्ही प्रश्नांचं एका दमात, जसं तिला नेहमी हवं होतं. तिला ते ऐकवत नसे. पण करणार काय? रीत तिचीच होती.

ती निवृत्त झाली तेव्हा मामा समारंभाला आले, मागच्या रांगेत बसले, टाळ्या वाजवल्या आणि चहा न घेता गेले. मग बरीच वर्षं काही नाही. ती घरी असायची, नवऱ्याच्या दुकानात दुपारी डबा घेऊन जायची, दुकानावर नवी पाटी लागली ती सरळ आहे का ते लांबून बघायची. काचेच्या दारापाशी तेच तीन प्रश्न होते. गुडघे दुखायला लागल्यावर ती ते खुर्चीवरूनच विचारायची.

ती गेली ती झोपेत, त्रास न होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी मामा दुकानात एक बंद पडलेलं घड्याळ घेऊन आले. नवऱ्याने उघडून बघितलं. आत काही बिघाड नव्हता, फक्त किल्ली दिलेली नव्हती.  नवऱ्याने किल्ली दिली आणि म्हणाला, "घरी जाऊन या. चहा असेल. मी दुकान बंद करून येतो."

बेल वाजली. ती खुर्चीवरून उठली, दाराशी गेली. काचेपलीकडे म्हातारा झालेला माणूस उभा होता, मिशा पांढऱ्या, खांदा अजून शिडीच्या बाजूला झुकलेला.

"कोण?" तिने विचारलं.

मामांनी घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"मी," ते म्हणाले.

ती काचेतून बघत राहिली. पुढचा प्रश्न तिच्या तोंडाशी आलेला मामांना दिसला असणार, कारण ते तसेच उभे राहिले, वाट बघत. मग कडी निघाली. दार उघडलं. ती बाजूला झाली आणि त्यांच्या पायांकडे बघून म्हणाली, "चपला आत काढा मामा. बाहेर नको, गेल्याच आठवड्यात एक जोड गेलाय."